खेळातील चित्र : सावंतवाडी ते बेंगळूरु

बेंगळूरुस बदलून आल्यापासून आमच्या वसाहतीतील मुलांचा एक वाद आम्ही नेहमी ऐकतो : व्हिडिओ गेममधील चित्र हुबेहूब असावे, की चित्रासारखेच दिसावे? वाद नवा भासतो. परंतु तो गंजिफांइतका जुना आहे.

बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनास गंजिफा धाडल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. पुढे सावंतवाडीस दशावतारी गंजिफा रंगू लागल्या : दहा अवतार, प्रत्येकाची बारा पाने, एकूण १२०. मत्स्यावताराच्या पानांवर मासे, परशुरामाच्या पानांवर परशू. म्हैसूरास तिसऱ्या कृष्णराज वडियारांनी (१७९४–१८६८) तर ३६० पानांपर्यंतचे डाव रचले. या चित्रकारांनी माशाचे खवले मोजले नाहीत, ते अज्ञानाने नव्हे. हाती पाने धरून बसलेल्या गड्यास मासा एका दृष्टिक्षेपात ओळखू यावा, एवढेच त्यांचे प्रयोजन होते.

यंत्रावरील खेळही आरंभी याच वाटेने गेले. १९८१ साली जपानच्या मियामोटो यांनी ‘डाँकी काँग’च्या नायकास मिशा व टोपी दिली, कारण मोजक्या ठिपक्यांत तोंड आणि केस रेखाटणे कठीण होते. पुढे यंत्रांचे सामर्थ्य वाढले, तसा वास्तवाचा हव्यासही वाढला. येथेच १९९७ साली स्थापन झालेल्या ध्रुव इंटरॲक्टिव्हच्या कलावंतांनी ‘फोर्झा’सारख्या परदेशी खेळांतील मोटारी हुबेहूब घडविल्या. शर्यतीच्या खेळास ते शोभते. मात्र त्या मोटारीवरून घडविणाऱ्याचा देश ओळखू येत नाही. उलट पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा, २०२० साली आलेला ‘राजी’ पाहावा. पहाडी चित्रे व छायाबाहुल्या यांचा संस्कार त्यावर स्पष्ट दिसतो.

तेव्हा शैलीचाच विजय झाला, असे म्हणावे काय? आम्हांस तसे म्हणवत नाही. छापील पत्ते आले आणि गंजिफा मागे पडल्या. सावंतवाडीच्या शिवरामराजे व सत्वशीलादेवी भोसले यांनी विसाव्या शतकात त्या कलेस पुन्हा आश्रय दिला, म्हणून ती तगली. परंतु आज त्या पानांना घेणारे पुष्कळ, खेळणारे थोडे. चित्र वाचले, डाव मोडला.

मुलांच्या वादात आमचा कौल म्हणूनच एवढाच : चित्र हुबेहूब असो वा शैलीबद्ध, ते खेळणाऱ्याच्या उपयोगी पडले पाहिजे. अन्यथा ते भिंतीवर जाते, आणि खेळ विस्मृतीत.