तब्रीझ व महाबाद, १९४५-४६ : एक टिपण

ऑगस्ट १९४१ मध्ये उत्तर इराणात सोव्हिएत सैन्य आले व त्याच वर्षी तूदेह हा डावा पक्ष स्थापन झाला. त्याचा भर वर्गहितावर होता. तुर्की व कुर्दी भाषिकांचा प्रश्न त्याने दुय्यम मानला. सप्टेंबर १९४५ मध्ये जाफर पीशेवरी यांनी तब्रीझ येथे आझरबैजान लोकशाही पक्ष काढताच तूदेहची प्रांतिक शाखा केंद्रीय समितीस न विचारता त्यात विलीन झाली. डिसेंबरात स्वायत्त सरकार आले. त्याने आझरबैजानी तुर्कीस राजभाषा केले, सरकारी व परागंदा जमीनदारांच्या जमिनी शेतकऱ्यांत वाटल्या, स्त्रियांस मताधिकार दिला. जानेवारी १९४६ मध्ये महाबाद येथे काझी मुहम्मद यांनी कुर्दी प्रजासत्ताक घोषित केले.

ही सरकारे केवळ सोव्हिएत सैन्याची निर्मिती होती, हे मत एकांगी होय. भाषेची व जमिनीची गाऱ्हाणी त्या सैन्याहून जुनी होती. परंतु सरकारांचे आयुष्य मात्र त्याच सैन्यावर अवलंबून राहिले. एप्रिल १९४६ मध्ये पंतप्रधान कवाम यांनी सोव्हिएत राजदूताशी तेलाचा करार केला. मे महिन्यात फौजा परतल्या. डिसेंबरात इराणी सैन्य तब्रीझमध्ये शिरले. ३१ मार्च १९४७ रोजी काझींना फाशी झाली. ऑक्टोबरात मजलिसने तेल-करारही फेटाळला.

तूदेहने भाषिकांच्या मागण्यांस आपल्या कार्यक्रमात वेळीच स्थान दिले असते, तर त्यांस देशातच आधार लाभला असता, असे अनुमान करण्यास जागा आहे.