हाताच्या नाडीवरून हृदयाचा अंदाज

“डॉक्टर, अँजिओग्राफी न करता माझ्या हृदयाच्या रक्तवाहिन्या कशा आहेत ते कळेल का?” हा प्रश्न अनेक रुग्ण विचारतात. उत्तर देण्याआधी थोडा इतिहास पाहू. या तपासण्या काय सांगतात आणि काय सांगत नाहीत, ते त्यातून नीट समजते.

१८६० च्या सुमारास फ्रान्समध्ये एतिएन ज्यूल मारे यांनी मनगटाच्या नाडीचा आलेख काढणारे उपकरण तयार केले. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमध्ये शिकणाऱ्या फ्रेडरिक अकबर महोमेद यांनी १८७२ च्या सुमारास ते सुधारले. पाटण्याहून इंग्लंडला गेलेल्या डीन महोमेद यांचे ते नातू. वरून धडधाकट दिसणाऱ्या माणसांच्या नाडीतही वाढलेल्या रक्तदाबाच्या खुणा असतात, हे त्यांनी दाखवले.

हृदयाच्या धमन्यांबाबतही तसेच निघाले. १९५३ मध्ये कोरियन युद्धात मृत्यू पावलेल्या ३०० अमेरिकी सैनिकांच्या शवविच्छेदनाचा अहवाल आला. त्यांचे सरासरी वय होते २२ वर्षे, तरी सुमारे ७७ टक्के जणांच्या हृदयधमन्यांत आजाराच्या खुणा होत्या. म्हणजे हा आजार त्रास सुरू होण्याच्या कितीतरी वर्षे आधी सुरू होतो.

१९५८ मध्ये मेसन सोन्स यांच्या हातून हृदयधमन्यांची अँजिओग्राफी शक्य झाली. पण त्यासाठी नळी धमनीतून आत न्यावी लागते. कसलाही त्रास नसलेल्या प्रत्येक माणसाची ती कशी करणार? म्हणून संशोधक बाहेरून तपासता येईल अशा खुणा शोधू लागले.

१९८६ मध्ये इटलीतील पिन्योली आणि सहकाऱ्यांनी सोनोग्राफीने मानेतील धमनीच्या भिंतीची जाडी मोजता येते हे दाखवले. १९९० मध्ये अमेरिकेत अ‍ॅगॅटस्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी सीटी स्कॅनवरून हृदयधमन्यांतील कॅल्शियमला गुण देण्याची पद्धत मांडली. तोच आजचा ‘कॅल्शियम स्कोअर’. १९९२ मध्ये लंडनमध्ये सेलरमायर यांच्या गटाने दंडाची धमनी तपासली. पट्टा आवळून काही मिनिटे रक्तप्रवाह थांबवायचा, मग सोडायचा. निरोगी धमनी लगेच रुंदावते. धूम्रपान करणाऱ्यांत आणि आनुवंशिक जास्त कोलेस्टेरॉल असलेल्या मुलांत ती कमी रुंदावली, आणि या मुलांना तर कसलाही त्रास नव्हता!

मग या सगळ्या तपासण्या करून घ्याव्यात का? तसे नाही. मानेच्या धमनीची जाडी सरसकट मोजू नये, असे अमेरिकी हृदयरोग संघटनांनी २०१३ मध्येच सांगितले. दंडाची तपासणी मुख्यतः संशोधनातच राहिली. कॅल्शियम स्कोअर मात्र औषध सुरू करावे की नाही असा प्रश्न असताना उपयोगी पडतो.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. या तपासण्या पुढच्या धोक्याचा अंदाज देतात. आज धमनी किती अरुंद आहे, हे त्या सांगत नाहीत. कॅल्शियम स्कोअर शून्य आला तरी कॅल्शियम न साठलेला मऊ थर असू शकतो. त्यामुळे छातीत दाब किंवा वेदना, घाम, धाप जाणवली, तर जुना चांगला रिपोर्ट पाहून घरी थांबू नका. लगेच रुग्णालय गाठा. आणि ज्यांना त्रास नाही त्यांनी आधी रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल तपासावे आणि तंबाखू सोडावी. त्यानंतरही शंका उरली, तर पुढची तपासणी डॉक्टरांशी बोलून ठरवा.