वनस्पतिसंशोधनाची वाट

मृगाच्या सरी पडून गेल्या म्हणजे शहापूर व मुरबाड या तालुक्यांतील आदिवासी स्त्रिया शेवळांच्या जुड्या घेऊन बाजारास येतात. सुरणाच्या कुळांतील ही रानभाजी घशाला मोठी खाजरी. म्हणून विकणारी बाई जुडीबरोबर काकडाचीं हिरवीं फळेंही पदरांत टाकते आणि बजावते, “काकडं घातल्याबिगर शिजवूं नका, ताई.” ती खाज कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळें सुटते, हें आमच्या पुस्तकांत आहे, काकडाच्या आंबट रसानें ती शमते, हें त्या बाईला ठाऊक आहे. आम्हीं वनस्पतिशास्त्र शिकविण्यांत आयुष्याचीं तीस वर्षें घालविलीं. परंतु या दोन ज्ञानांची गांठ एका माणसाच्या ठिकाणीं क्वचितच कां पडते, हा प्रश्न आमच्या मनांतून कधीं गेला नाहीं. त्याचें उत्तर इतिहासांत शोधावें लागतें.

पाश्चात्त्य शास्त्राचा आपल्या प्रांतांतील वनस्पतींशीं परिचय झाला तो मुख्यत्वें सरकारी डॉक्टरांच्या व वनाधिकाऱ्यांच्या द्वारें. डॅल्झेल व गिब्सन यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ १८६१ सालीं निघाला. थिओडोर कूक यांचा मोठा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळांत लंडनमध्यें छापला गेला. त्यांत कित्येक झाडांचीं मराठी नांवेंही दिलेलीं आढळतात. हीं नांवें अर्थातच रानांत व शेतांत राबणाऱ्यांच्या तोंडचीं. पण तीं ज्यांच्या तोंडीं होतीं तीं माणसें ग्रंथांत निनांवी राहिलीं. आंबा घाटांत रानडे नांवाच्या संग्राहकास सांपडलेल्या सोनघंटेस १८९४ सालीं वुड्रो व स्टाप्फ यांनीं ‘अब्युटिलॉन रानडेई’ असें नांव दिलें, हा मान मोठाच. तथापि नांव ठेवण्याचा अधिकार कोणाचा, हेंही त्यावरून दिसून येतें.

तो अधिकार मिळवावयाचा तर संशोधनाची पदवी हवी, आणि ती समुद्रापलीकडे. मालवण येथें १८८४ सालीं जन्मलेले शंकर पुरुषोत्तम आघारकर १९१४ मध्यें जर्मनीस गेले. इतक्यांत महायुद्ध पेटलें आणि शत्रुराष्ट्राचे प्रजाजन म्हणून त्यांस स्थानबद्धता भोगावी लागली. तरीही त्यांनीं नेट सोडला नाहीं. वायव्य हिंदुस्थानांतील रुक्ष प्रदेशांच्या वनस्पती कोठून व कशा पसरल्या या विषयावर प्रबंध लिहून १९१९ सालीं त्यांनीं बर्लिनची डॉक्टरेट संपादिली. पुढें कलकत्ता विद्यापीठांत दीर्घकाळ अध्यापन करून ते पुण्यास आले, आणि १९४६ सालीं ‘महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी’ ही संस्था स्थापन झाली. आपणांस जी वाट बर्लिनवरून काढावी लागली ती पुढील पिढीस घरच्या घरीं मिळावी, असाच या खटपटीचा अर्थ आम्ही लावतों. १९९२ पासून ती संस्था आघारकरांचेंच नांव धारण करीत आहे.

पुण्यासच १९५० सालीं राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा उघडली. नांव रसायनाचें असलें तरी तेथें वनस्पतींच्या पेशींचा व डीएनएचाही अभ्यास रुजला. प्रभाकर रांजेकर यांच्या मार्गदर्शनाखालीं वनस्पतींच्या रेणवीय जीवशास्त्राचा एक संशोधकवर्गच तेथें तयार झाला. याच प्रयोगशाळेंत रजनी नाडगौडा, पाराशरामी व मस्कारेन्हस यांनीं, ज्याला फुलोरा येण्यास कित्येक दशकें लागतात, तो कळक कांचेच्या नळींत थोडक्या महिन्यांत फुलवून दाखविला. १९९० सालीं ‘नेचर’मध्यें हें वृत्त आलें. कळक म्हणजे शहापूरच्या माणसाच्या कुडांत, टोपलींत आणि कणगींत असणारी वस्तु!

भाताचीही तीच गोष्ट. दहा देशांच्या सहकार्यानें तांदळाचा संपूर्ण जनुकसंच वाचून २००५ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत अकराव्या गुणसूत्राचा कांहीं भाग भारताकडे होता. परंतु वाचला गेला तो ‘निप्पोनबारे’ या जपानी वाणाचा. आपल्या झिनीचे व कोलमाचे गुण त्या नकाशाशीं ताडून पाहावयाचे, तर आधीं झिनी व कोलम ओळखणारा माणूस हवा.

तसा एक विद्यार्थी आम्हांस लाभला होता. तो मुरबाडकडचा. वर्गांत इंग्रजीच्या धास्तीनें तोंड उघडीना. पण शेतावर नेला असतां लोंबी हातांत घेऊन वाण न चुकतां सांगे. एम. एस्सी. होतांच घरच्या गरजेनें त्यानें कारकुनी पत्करली. संशोधन करणाऱ्यास दरमहा वेतन मिळतें, हें त्यास ठाऊक नव्हतें. आम्हांस ठाऊक होतें. आम्हीं सांगितलें नाहीं, कारण त्यास तें ठाऊक असेलच असें आम्हीं गृहीत धरलें. या चुकीचा दोष आम्ही दुसऱ्या कोणाच्या माथीं मारूं शकत नाहीं.

म्हणून येथें स्पष्ट सांगतों. एम. एस्सी. नंतर ‘नेट’ ही राष्ट्रीय परीक्षा कनिष्ठ संशोधनवृत्तीस पात्र ठरेल अशा गुणांनीं उत्तीर्ण व्हावें. त्या वृत्तीची रक्कम १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहे. पुणें-मुंबईच्या विद्यापीठांत, वर सांगितलेल्या दोन्ही संस्थांत आणि तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रांत वनस्पतींवरील संशोधनाची सोय आहे. अडचण राहते ती भाषेची. प्रश्नपत्रिका इंग्रजींत व हिंदींत, मराठींत नाहीं. ती भीति एम. एस्सी.च्या वर्षीं घालवूं म्हटल्यास उशीर होतो. बी. एस्सी.च्या पहिल्या वर्षींच अध्यापकानें मुलास जवळ बसवून हा सारा मार्ग मराठींत समजावून सांगावा.

बर्लिनची वाट पुण्यापर्यंत आणण्यास एका पिढीनें आयुष्य वेंचलें. पुण्याहून मुरबाडपर्यंतचें राहिलेलें अंतर त्या मानानें थोडें आहे, आणि तें तोडणें आम्हां शिक्षकांच्या हातांत आहे.