वरचा पूर्णांक आणि अर्धा पैसा

प्रोग्रॅमिंगमध्ये 'सील' नावाची एक आज्ञा असते. अपूर्णांक दिला की ती त्याच्या वरचा पूर्णांक देते. २.१ चे ३. पण ३ चे ३च. सील म्हणजे सीलिंग, छत. हे नाव केनेथ आयव्हर्सन यांनी १९६२ साली दिले. सहलीच्या शंभर मुलांना ४५ आसनांच्या बसगाड्या किती लागतील? २.२२ नव्हे, तीन. अर्धी बस मिळत नाही.

पैशांचे मात्र एवढे सोपे नाही. आपल्या परभणीकडे ही अडचण जुनी. निजामाच्या राज्यात सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार. म्हणजे एका हालीचे १३ आणे ८ पै, आणि वर पैचे चार सप्तमांश!

पुढे १ एप्रिल १९५७ रोजी नवे पैसे आले. एक आणा म्हणजे सव्वासहा पैसे. नियम असा ठरला की उरलेला भाग अर्धा किंवा त्याहून कमी असेल तर सोडायचा, जास्त असेल तर पुढचा पैसा धरायचा. म्हणून एका आण्याचे ६, दोनचे १२, तीनचे १९, चारचे २५. दोन आण्यांची वस्तू दोनदा घेतली तर २४ पैसे. दुकानदाराचा एक पैसा गेला. 'सील' लावले असते तर २६. गिऱ्हाइकाचा एक गेला असता.

असो. यंत्र सांगितले तेवढेच करते. उरलेला तुकडा कोणाच्या पदरात टाकायचा, हे आज्ञा लिहिण्याआधी माणसानेच ठरवावे आणि सर्वांना सांगावे. १९५७ साली निदान तक्ता छापून दिला होता.