चार घरांचे कोष्टक आणि एक छोटा आकडा

एका चहामळ्यावरील ७३६ माणसांची ही नोंद पाहा. त्यांपैकी ४३६ जणांनी पटकीची (कॉलऱ्याची) लस टोचून घेतली होती, ३०० जणांनी घेतली नव्हती. टोचलेल्यांपैकी ५ जणांना पटकी झाली, न टोचलेल्यांपैकी ९ जणांना. म्हणजे एकीकडे शेकडा एकाहून थोडे जास्त, तर दुसरीकडे शेकडा तीन. लशीचा उपयोग झाला म्हणायचे, की हा नुसता योगायोग?

ही लस वाल्डेमार हाफकिन यांची. १८९३ मध्ये हिंदुस्थानात येऊन त्यांनी ती टोचायला सुरुवात केली. आपल्याकडे ते अधिक परिचित आहेत ते मुंबईत तयार केलेल्या प्लेगच्या लशीमुळे. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची. चहामळ्यांचे आकडे मात्र संख्याशास्त्राच्या इतिहासात गेले ते मेजर ग्रीनवुड (‘मेजर’ हे नाव, हुद्दा नव्हे) आणि उडनी यूल या दोन ब्रिटिश संशोधकांच्या १९१५ च्या निबंधामुळे.

येथे उंची किंवा वजनासारखे मोजमाप नाही. ‘टोचले – न टोचले’ आणि ‘आजारी – निरोगी’ अशी नुसती वर्गवारी आहे. अशा दोन वर्गवारींत काही संबंध आहे का, हे तपासायचे साधन कार्ल पिअर्सन यांनी १९०० साली दिले. त्याचे नाव काय-वर्ग चाचणी. तिची कल्पना सोपी आहे. लशीचा काहीच परिणाम नाही असे क्षणभर धरू. मग १४ आजारी माणसे दोन्ही गटांत संख्येच्या प्रमाणात विभागली गेली पाहिजेत, म्हणजे टोचलेल्यांत ८.२९ आणि न टोचलेल्यांत ५.७१. प्रत्यक्षात ती ५ आणि ९ आहेत. चारही घरांत प्रत्यक्ष आणि अपेक्षित संख्यांतील फरकाचा वर्ग करून त्याला अपेक्षित संख्येने भागायचे आणि चारही उत्तरांची बेरीज करायची. ती येते ३.२७. हाच काय-वर्ग. बेरीज जितकी मोठी, तितका योगायोगावरचा विश्वास कमी.

पण ३.२७ ही मोठी की लहान? हे ठरवायला आणखी एक आकडा लागतो: कोष्टकातील किती घरे स्वतंत्रपणे बदलू शकतात? यालाच स्वातंत्र्यमात्रा म्हणतात. पिअर्सन यांचे म्हणणे असे, की घरे चार, त्यांची एकूण बेरीज ठरलेली, म्हणून स्वातंत्र्यमात्रा तीन. त्या हिशेबाने, लस निरुपयोगी असतानाही एवढा किंवा याहून मोठा फरक केवळ योगायोगाने दिसण्याची शक्यता शेकडा ३५ येते. म्हणजे लशीच्या बाजूने बोलण्यासारखे फारसे काही उरत नाही.

ग्रीनवुड आणि यूल यांना येथेच खटकले. दोन गटांतील प्रमाणांची थेट तुलना करण्याची दुसरी एक रीत होती आणि तिचे उत्तर जुळत नव्हते. एकाच नोंदीवर दोन निकाल! पिअर्सन यांचा दरारा एवढा, की हे कोडे काही वर्षे तसेच राहिले.

ते सोडवले रोनाल्ड फिशर यांनी, १९२२ मध्ये. त्यांचा मुद्दा वर्गात फळ्यावरही दाखवता येईल. अपेक्षित संख्या आपण कशावरून काढल्या? ओळींच्या आणि स्तंभांच्या बेरजांवरून. म्हणजे ४३६ व ३००, तसेच १४ व ७२२ या बेरजा ठरलेल्याच आहेत. आता एका घरात ५ लिहा. बाकीच्या घरांत ९, ४३१ आणि २९१ आपोआप भरले जातात. स्वतंत्र घर एकच, म्हणून स्वातंत्र्यमात्रा एक! मग योगायोगाची शक्यता शेकडा ३५ नव्हे, शेकडा ७ येते.

पिअर्सन यांनी हे मानले नाही. उलट फिशर यांची तुलना पवनचक्कीवर भाला घेऊन धावणाऱ्या डॉन किहोतेशी केली. पण हा वाद नुसत्या शब्दांनी मिटणारा नव्हता. यूल यांनी फिरत्या तबकात घेवड्यासारख्या बिया टाकून, मुळात कसलाच संबंध नसलेली शेकडो कोष्टके तयार केली. अशा कोष्टकांतील काय-वर्गाची सरासरी स्वातंत्र्यमात्रेएवढी यायला हवी. ती एकाच्या जवळ आली, तीनाच्या नाही. पुढे १९२६ मध्ये फिशर यांनी अकरा हजारांहून अधिक कोष्टकांवरून हेच दाखवले. गंमत अशी, की ती कोष्टके पिअर्सन यांचे चिरंजीव एगॉन यांनी निराळ्या कामासाठी केलेली होती.

एवढ्या छोट्या आकड्याने काय बिघडते, असे वाटेल. तर अशा सहा मळ्यांच्या काय-वर्गांची बेरीज २८.४० होते. पिअर्सन यांच्या नियमाने सहा कोष्टकांच्या स्वातंत्र्यमात्रा १८, आणि योगायोगाची शक्यता शेकडा साडेपाचच्या आसपास, म्हणजे शेकडा पाचच्या रूढ मर्यादेच्या बाहेर. फिशर यांच्या नियमाने स्वातंत्र्यमात्रा सहा, आणि शक्यता दहा हजारांत एकाहूनही कमी. माणसे तीच, नोंदी त्याच. एका हिशेबाने लस संशयास्पद, दुसऱ्याने योगायोग जवळजवळ अशक्य.

आज हे गणित संगणक डोळ्याचे पाते लवते न लवते तोच करतो. सांख्यिकीच्या प्रणाली काय-वर्गाशेजारी स्वातंत्र्यमात्रा आणि शक्यता छापून देतात. आम्हीही विद्यार्थिदशेत ‘ओळी वजा एक गुणिले स्तंभ वजा एक’ हे सूत्र पाठच केले होते. छापील कागदावरच्या त्या ‘१’मागे वीसेक वर्षांची चूक आणि कडाक्याचे भांडण आहे, हे फार उशिरा कळले.

आणि जे संगणक मुळीच विचारत नाही, ते ग्रीनवुड आणि यूल यांनी १९१५ मध्येच विचारले होते. दोन्ही गटांतील माणसे इतर सर्व महत्त्वाच्या बाबतींत सारखी होती का? त्यांना रोगाचा संसर्ग होण्याची संधी सारखीच होती का? आणि कोण आजारी हे ठरवताना, कोणाला टोचले आहे याचा प्रभाव तर पडला नाही ना? ही उत्तरे समाधानकारक नसतील, तर काय-वर्ग कितीही मोठा येवो, त्याचे श्रेय लशीला देता येणार नाही. संबंध आहे एवढेच चाचणी सांगते. तो का आहे, हे सांगत नाही.

शाळेत हा प्रयोग सहज करता येईल. ‘सकाळी न्याहारी केली – नाही’ आणि ‘तिसऱ्या तासाला जांभई दिली – नाही’ असे चार घरांचे कोष्टक मुलांकडून भरून घ्यावे. अपेक्षित संख्या पाचांहून कमी आल्या, तर ही चाचणी भरवशाची नाही, एवढे पथ्य पाळावे. आकडेमोड आधी हाताने करावी, मग संगणकावर. आणि उत्तर आल्यावर ते तीन प्रश्न मुलांनाच विचारावेत.