थुंबा, १९६८

नगरच्या कॉलेजात फिजिक्सच्या तासाला बसलेले तुम्ही एकदम केरळातल्या थुंब्याच्या वाळूत उभे आहात. नोव्हेंबर १९६८. दमट हवेनं शर्ट पाठीला चिकटलाय. नारळींपलीकडे अरबी समुद्र. मेरी मॅग्डालीनच्या चर्चमध्ये रॉकेट केंद्राचं काम चालतं. ही जागा शोधण्यात कोल्हापूरच्या एकनाथ चिटणीसांचा मोठा वाटा.

टेबलावर प्रपोर्शनल काउंटर आहे. वाकून बघा, हात मात्र लावू नका. धातूची बंद डबी, आत वायू, मधोमध ताणलेली बारीक तार. क्ष-किरण पातळ खिडकीतून शिरला की वायूतले इलेक्ट्रॉन सुटून तारेकडे धावतात आणि विजेचा एक ठोका उमटतो. किरणाची ऊर्जा जास्त, तर ठोका मोठा.

जमिनीवर हा काउंटर ताऱ्यांसाठी निरुपयोगी, कारण वातावरण त्यांचे क्ष-किरण शोषून घेतं. बलून चाळीसेक किलोमीटर चढतं, पण तिथेही जास्त ऊर्जेचेच किरण पोचतात. म्हणून रॉकेट. १९६२ मध्ये न्यू मेक्सिकोतून उडालेल्या अशाच रॉकेटनं वृश्चिक राशीतला स्को एक्स-१ हा क्ष-किरण स्रोत सापडला. त्या शोधात सहभागी असलेल्या भौतिकशास्त्रज्ञ ब्रूनो रोसींच्या एमआयटीतल्या गटात चिटणीसांनी वैश्विक किरणांवर काम केलं होतं. आता अहमदाबादच्या पीआरएलमध्ये (फिजिकल रिसर्च लॅबोरेटरी) शास्त्रज्ञ यू. आर. राव आणि चिटणीस हेच आकाश थुंब्यातून तपासताहेत.

काउंटडाऊन संपतो. आवाज छातीत घुमतो. रॉकेट स्वतःभोवती फिरत चढतं, त्याबरोबर काउंटर आकाश झाडून काढतो. स्को एक्स-१ समोर आला की ठोके वाढतात. काही मिनिटांत सगळं समुद्रात! महिनोन्महिने जुळवलेलं यंत्र गेलं, उरली फक्त टेलिमेट्री, म्हणजे रॉकेटकडून रेडिओनं आलेल्या नोंदी. त्या नोंदींतून वर्णपट काढायचा, प्रबंध लिहायचा.

मला यातली माणसं घडवण्याची बाजू सगळ्यांत मोलाची वाटते. पुढे इस्रोचे अध्यक्ष झालेल्या कस्तुरीरंगन यांनी पीआरएलमध्ये याच क्षेत्रात संशोधन करून १९७१ मध्ये डॉक्टरेट मिळवली. २०१५ मध्ये ॲस्ट्रोसॅट उपग्रह उडाला, तेव्हा त्यावरचे मोठे क्ष-किरण काउंटर मुंबईच्या टीआयएफआरनं (टाटा मूलभूत संशोधन संस्था) बांधलेले होते.

परत वर्गात आलात? मग एम.एस्सी.नंतर पीआरएल आणि टीआयएफआरच्या पीएच.डी.साठी अर्ज कराच. नगरचं कॉलेज आहे म्हणून मागे राहू नका.