धाव : चाकाच्या मापाचा एक लहानसा इतिहास

बैलगाडीच्या लाकडी चाकावर चढवलेल्या लोखंडी कड्याला मराठीत ‘धाव’ म्हणतात. वर्गात हा शब्द आला की विद्यार्थ्यांना धावणे आठवते. लोहाराला मात्र आठवते ते माप. धाव तापवून फुगवायची, चाकावर बसवायची आणि पाणी ओतून आवळायची. ती लहान झाली तर आऱ्यांवर ताण येतो, मोठी झाली तर उन्हाळ्यात लाकूड आटताच निसटते. पुण्याच्या रस्त्यांवर अलीकडे स्प्रिंगा बदलून उंच केलेल्या, भल्याथोरल्या टायरांच्या फोर व्हील ड्राइव्ह पिकअप दिसतात, तेव्हा आम्हांला हीच मापाची गोष्ट आठवते. चाक केवढे असावे, हा प्रश्न या प्रदेशात नवा नाही.

दख्खनच्या घाटवाटांवर शतकानुशतके माल चालला तो बैलांच्या पाठीवरून. भोर घाटातला गाडीरस्ता 1830 साली, माल्कमच्या कारकिर्दीत खुला झाला. पण रस्ता झाला म्हणून गाडी झाली, असे होत नाही. जुन्या गाड्यांची भरीव, अवजड चाके ओढायला अनेक बैल लागत आणि अशी गाडी सामान्य कुणब्याच्या आवाक्याबाहेर होती. 1830 च्या दशकात महसुली पाहणी खात्यातल्या लेफ्टनंट गेसफर्डने सोलापूरकडील टेंभुर्णीला हलक्या, स्वस्त गाड्या घडवण्याचा उद्योग चालवला. इतिहासाच्या पुस्तकांत लढाया आणि तह यांच्यापुढे ही घटना क्षुल्लक ठरते. परंतु शेतमाल बाजारापर्यंत नेण्याचे बळ शेतकऱ्याला मिळाले ते अशा चाकांमुळेही. येथे सुधारणा झाली ती चाक हलके केल्याने, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

पुढचा टप्पा जीपचा. दुसऱ्या महायुद्धासाठी घडलेल्या विलीज जीपला 16 इंची रिमवर 6.00 इंच रुंदीचे, आजच्या मानाने अगदी सडपातळ टायर होते. 1947 नंतर महिंद्रांनी मुंबईत या जीपची जुळणी सुरू केली आणि सरकारी खात्यांपासून आडगावांपर्यंत ती पोहोचली. चिखलातून, नाल्यांतून तिने वाट काढली ती हलके वजन, चारही चाकांना मिळणारी शक्ती आणि संथ गिअर यांच्या मेळामुळे. केवळ चाकाच्या थोरवीने नव्हे.

आजची निवड या मेळाच्या कसोटीवर तपासता येते. 265/60 आर 18 या मापात टायरची रुंदी 265 मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या 60 टक्के आणि रिम 18 इंच. चाकाचा एकूण व्यास सुमारे 775 मिलिमीटर. त्याजागी 285/65 आर 18 बसवला तर व्यास सुमारे 828 होतो. स्प्रिंगा कितीही उंच केल्या तरी आस जमिनीपासून वर उचलला जात नाही, फक्त वरची गाडी उचलली जाते. आसाची उंची वाढते ती चाकाच्या त्रिज्येने, म्हणजे येथे 26 मिलिमीटरने. एवढ्या लाभाची किंमत अशी, की वेगदर्शक 60 दाखवत असताना गाडी सुमारे 64 च्या वेगाने धावते, त्याच गिअरमध्ये चाकाचा जोर उणावतो आणि ब्रेकवर भार वाढतो. रिम बाहेर सरकलेली असेल तर बेअरिंगही लवकर झिजते. दगडधोंड्यांच्या वाटेला तर रिम लहान व टायरची भिंत उंच असलेलीच बरी, कारण धक्का हवा झेलते, धातू नव्हे. दुकानात मात्र मोठी, चकचकीत रिम आधी नजरेत भरते.

कायद्यानेही माप सांगितले आहे. निर्मात्याने नमूद केलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही, हे मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 च्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने 9 जानेवारी 2019 च्या निकालात स्पष्ट केले.

मुळशीच्या पावसाळी चढणीवर राहणाऱ्याची गरज आम्ही नाकारत नाही. तेथे दोन बोटे उंचीनेही गाडी अडायची राहते. पण तीच गाडी पेठांच्या गल्लीत शिरते, तेव्हा उंचावलेल्या बॉनेटपुढचे शाळकरी पोर चालकाच्या नजरेआड जाते. जुन्या काळी चाक जड झाले की बैल थकत आणि ते मालकाला दिसे. आता चाकाचा भार ज्याच्यावर पडतो तो बहुधा गाडीच्या बाहेर, रस्त्याच्या कडेने चालत असतो. माप ठरवताना त्यालाही मोजायला हवे.